अर्ज अद्ययावत झाला

शहापूर, सोमवार, ४ ऑगस्ट २००८

पाच महिने या वहीत एक ओळ नाही, याबद्दल माफी. वेळ मिळाला नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. वेळ होता. टायपिंगच्या वर्गाला मार्चनंतर एकही नवी मुलगी आली नाही आणि ते वहीत उतरवलं की कायमचं ठरेल, अशी भीती होती. पंचेचाळीस वर्षांच्या बी. ए. झालेल्या बाईला न शोभणारी भीती आहे, पण होती.

आता टाइपरायटर मागच्या खोलीत गेले. पुढे एक संगणक, एक स्कॅनर आणि फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट. पाटी तीच ठेवली आहे, फक्त ‘टंकलेखन’च्या खाली ‘व संगणक’ असं रंगवून घेतलं. ह्यांचं म्हणणं, अक्षरं लहान आलीत, लाजत काढल्यासारखी. खरं आहे.

पहिलं मोठं काम मिळालं. नाशिकची एक संस्था आदिवासी वाड्यांतल्या बारावी झालेल्या मुलींना नर्सचं दीड वर्षाचं शिक्षण देते. राहणं-जेवण त्यांचं, पुढे सरकारी उपकेंद्रात नोकरीची बरीच शक्यता. अर्ज मात्र फक्त त्यांच्या संकेतस्थळावर घेतात: दाखले स्कॅन करून चढवायचे आणि ‘मला नर्स का व्हायचे आहे’ असं एक पत्र जोडायचं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलींचे अर्ज मी भरून देणार. वाड्यांवर टपाल कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो म्हणून सगळ्यांचा पत्ता माझ्या केंद्राचाच द्यायचा.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज उंबरमाळीच्या वरच्या वाडीतून रुपाली दरवडा आणि तिचे वडील बुधू आले. लावणी आटोपली म्हणून येता आलं, म्हणाले. मुलगी शांत. दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं तिच्या हातात. स्कॅनरवर ठेवायला मागितले तर क्षणभर सोडलेच नाहीत.

गुणपत्रिका स्कॅन केली आणि चढवायला गेले तर संकेतस्थळ घेईना. फाईल मोठी आहे, एवढंच सांगायचं. भाच्याला, साईनाथला फोन लावला. तो कल्याणला संगणक दुरुस्त करतो.

“मावशी, तू दाखला पाठवतेयस का चौकात लावायचं पोस्टर?” म्हणाला. मग फाईल लहान कशी करायची ते सांगितलं. लहान केलेली फाईल माउसने धरून ओढत न्यायची आणि मुलीच्या फोल्डरात सोडायची. माझं बोट मध्येच सैल सुटलं आणि फाईल शेजारच्या फोल्डरात पडली. बराच वेळ सापडेना. बुधूभाऊंना वाटलं दाखला मशीनमध्ये हरवला. खरा दाखला तुमच्या लेकीच्या हातातच आहे, हे मी त्यांना दोनदा दाखवलं.

फाईल जागेवर सोडली की संगणक विचारतो: या नावाची फाईल आधीच आहे, बदलायची का? मी प्रत्येक वेळी थांबून दोन्हींचे आकार वाचायची. साईनाथ वैतागला. जुनी मोठी आहे, नवी लहान आहे, बदलायचीच आहे, येस म्हण आणि पुढे जा, दर वेळी काय वाचतेस. वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही असं मी वर्गात मुलींना शिकवत आले. पण त्याचं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत मी न वाचता येस म्हणायला शिकले.

शनिवार, ९ ऑगस्ट

रुपालीचं पत्र मी आमच्या नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून चढवलं. संकेतस्थळावर उघडून पाहिलं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. एक शब्द मराठी नाही. साईनाथ म्हणतो, तो फॉन्ट फक्त तुझ्या मशीनमध्ये आहे, त्यांच्या मशीनला तो ओळखू येत नाही. युनिकोड नावाचं काही असतं, ते सगळीकडे दिसतं. त्याने फोनवरून एकेक पायरी सांगून ते चालू करून दिलं. पण कळा निराळ्या जागी! वीस वर्षांची सवय असलेली बोटं ‘क’ मारायला जातात आणि भलतंच उमटतं.

सगळं पत्र नव्याने टाइप करायचंच होतं, म्हणून जरा नीटही केलं. तिने वहीच्या पानावर लिहिलं होतं ते असं: वाडीतल्या अडलेल्या बारकीला झोळीत घालून खाली रस्त्यावर आणलं, जीप थांबेना, बाळ तिथंच झालं. ‘मला तवा कायच येत नव्हतं. मी नुसता तिचा हात धरला. येत असतं तर हात धरून बसले नसते.’

समितीपुढे असं कसं ठेवायचं? मी लिहिलं, ‘समाजाची सेवा करण्याची मला लहानपणापासून आवड आहे. दुर्गम भागातील माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी मी माझे जीवन वेचू इच्छिते.’ आणि पुढे तसंच. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

दुपारी ती आली तेव्हा पडद्यावर वाचायला दिलं. तिने सावकाश वाचलं. म्हणाली, “चांगलं हाय बाई. कोणी लिहिलं?”

मला हसू आलं. मुलगी दिसते तेवढी गंभीर नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

रुपालीचा अर्ज अर्धा चढला आणि भारनियमन सुरू. वीज आल्यावर पुन्हा नाव आणि जन्मतारीख भरली, तर संकेतस्थळानेच सांगितलं की हा अर्ज आधीपासून आहे, पुढे चालू करायचा का. येस म्हटलं. आधीचं सगळं जसंच्या तसं होतं. कौतुक वाटलं. शेवटी ‘अर्ज मिळाला’ आलं. बुधूभाऊंच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर निरोप दिला.

सोमवार, १८ ऑगस्ट

मुरबाडकडच्या आश्रमशाळेतले जगन गुरुजी सात मुलींचे कागद घेऊन आले. बडबडे गृहस्थ. चहा घेता घेता म्हणाले, “बाई, एक गंमत बघा,” आणि एक गुणपत्रिका पुढे सरकवली. रुपाली बुधू दरवडा. टोकावड्यापुढच्या वाडीतली. मी उंबरमाळीच्या रुपालीची काढली. नाव तेच, वडिलांचं तेच, आडनाव तेच, जन्मतारीख १ जून १९९०, तीही तीच.

गुरुजींना त्यात काही नवल नव्हतं. त्यांच्यात बुधवारी जन्मला तो बुधू, आडनावं मोजकीच, आणि पहिलीत पोर आलं की मास्तर एक जून लिहून मोकळे. “आमच्या शाळेत एक जूनला वाढदिवस करायचे म्हटले तर केक पातेल्यात करावा लागेल,” म्हणाले. खऱ्या तारखा कुणी नोंदवल्या नाहीत. आम्हीच नाही नोंदवल्या, हेही पुढे म्हणाले, पण हळू.

मी सावध आहे. माझ्याकडे प्रत्येक तालुक्याचा फोल्डर वेगळा. शहापूरची रुपाली शहापुरात, मुरबाडची मुरबाडात. गुरुजींना उघडून दाखवलं. अशी व्यवस्था असली की घोटाळा होत नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मुरबाडचे सातही अर्ज गेले. मध्ये दोनदा वीज गेली. रुपालीच्या वेळी ‘हा अर्ज आधीपासून आहे, पुढे चालू करायचा का’ हे आलंच, विजेमुळे अर्धा राहिला असणार. येस. फोटो आणि गुणपत्रिका चढली. तिचं पत्र हाताने लिहिलेलं, जेमतेम चार ओळींचं. ते टाइप करायला घेणार तोच पडद्यावर ‘पत्र: जोडलेले आहे’ असं दिसलं. म्हणजे सकाळी स्कॅन करून चढवून पाहिलं होतं ते गेलं तर. माझा एक तास वाचला. बाकी सहा जणींना शेवटी ‘अर्ज मिळाला’ आलं, हिला ‘अर्ज अद्ययावत झाला’. दोन्हींचा अर्थ एकच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नाशिकहून पाकीट आलं. रुपाली बुधू दरवडा हिची निवड. ‘आपले पत्र समितीला विशेष आवडले’ असं लिहिलं आहे. पत्त्यात गाव नाही, केंद्रच आहे, पण पत्र आवडलं म्हणजे उंबरमाळीचीच. मुरबाडकडच्या सातांपैकी दोघींची निवड झाली, त्यांची पाकिटं निराळी; ती मुरबाडच्या एस.टी.ने जगन गुरुजींकडे पाठवली. पत्राचं वाचून मला जो आनंद झाला तो मोजून पाहिला तर त्यात माझा स्वतःचा वाटा बराच निघाला. ते बरं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

कसाऱ्याच्या एस.टी.ने उंबरमाळीच्या फाट्यावर उतरले आणि चढण चढून वाडीत गेले. असं पत्र हातोहात द्यावं. रुपाली नाचणीच्या शेतात होती. तिने हात लुगड्याला पुसले, पत्र घेतलं आणि सगळ्यांत आधी खालची सही वाचली, मग वरून खाली. बुधूभाऊ मला बसायला घोंगडी टाकून तसेच उभे राहिले. तिची आई जनी आत जाऊन परत परत बाहेर येत होती. तेवढ्यात बातमी चार घरं पुढे गेली. कुणी तरी रुपालीला “ये नर्सबाई, माझा गुडघा बघ गो,” म्हणालं आणि ती पहिल्यांदा हसली. १ ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे. बुधूभाऊ कसाऱ्याच्या बाजारातून ट्रंक आणणार आहेत.

घरी आल्यावर जगन गुरुजींचा फोन. दोघींची पाकिटं मिळाली, आमच्या रुपालीचं काय? तिचं काही आलेलं नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग तिला कळवतो, तिचा भाऊ भिवंडीच्या गोदामात कामाला न्यायचं म्हणतोय, उगाच थांबून राहिलीय. मला वाईट वाटलं. पण चार ओळींच्या पत्रावर आणखी काय होणार?

सोमवार, १५ सप्टेंबर

निवडीच्या पत्राची प्रत फोल्डरात ठेवताना खाली बारीक अक्षरांत गुण दिसले. अडुसष्ट टक्के. उंबरमाळीच्या रुपालीला सत्तावन्न आहेत. मला वाटलं त्यांची चूक. मग मुरबाडचा फोल्डर उघडला. अडुसष्ट तिथे होते.

संकेतस्थळावर जाऊन अर्ज उघडला. रुपाली बुधू दरवडा नावाचा एकच अर्ज आहे. फोटो मुरबाडच्या रुपालीचा, गुणपत्रिका मुरबाडच्या रुपालीची, पत्र उंबरमाळीच्या रुपालीचं.

फोल्डर दोन होते ते माझ्याकडे. त्यांच्याकडे नाव आणि जन्मतारीख यांवरून माणूस ओळखतात, आणि ती दोघींची एकच. त्या दिवशी ‘हा अर्ज आधीपासून आहे’ म्हणून विचारलं ते विजेमुळे नव्हतं. दुसरीचे कागद पहिलीच्या अर्जावर चढले. पत्र आधीचं होतं म्हणून ‘जोडलेले आहे’. त्याने मला विचारलं होतं. मी येस म्हटलं.



मंगळवार, १६ सप्टेंबर

नाशिकच्या संस्थेला आडून फोन केला, नाव न सांगता. निवडीची रेषा साठ टक्क्यांवर आखली, अर्ज आल्यानंतर. त्याखालच्या मुलींची पत्रं वाचलीच नाहीत. म्हणजे उंबरमाळीची रुपाली स्वतःच्या गुणांवर निवडली गेली नसती.

साईनाथला सगळं सांगितलं. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “मावशी, मूळ दाखले ते पहिल्या दिवशी बघतील, पण कोण निरखून बघतंय? त्यांच्याकडे फाईल आहे ती आहे. तिच्या स्कॅनमध्ये फक्त आकडे बदल, फोटो बदल, अर्ज पुन्हा अद्ययावत कर. रंगीत प्रिंट काढून हातात दे. पाच मिनिटांचं काम.”

मी फोन ठेवला. त्याच्यावर रागावले नाही, हे लिहून ठेवायला हवं. दुपारी वीज आल्यावर उंबरमाळीच्या रुपालीची गुणपत्रिका चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडली. मोठी केली. तिच्या मराठीच्या गुणांत एक आठ होता. त्याच्याभोवती चौकोन आखला, उचलला, ओढत नेऊन इंग्रजीच्या तीनवर सोडला. इतका बरोबर बसला की मला स्वतःला ओळखता आला नसता. गेला महिनाभर फाईल धड ओढता येत नव्हती आणि आज हात अजिबात हलला नाही.

मी त्या वेळी तिच्या आईचा विचार करत होते. दुसऱ्या मुलीचा आलाच नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे.

बंद करताना विचारलं, बदल साठवायचे का. वाचलं. नाही म्हटलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

नाशिकला खरा फोन केला, नाव सांगून. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं. आधी म्हणाल्या, म्हणजे खोटे कागद लावले तुम्ही. मी म्हटलं, कागद दोन्ही खरे आहेत, मुलगी खोटी आहे. तशी मुलगीच नाही. त्यांना ते समजायला वेळ लागला. लेखी पाठवा म्हणाल्या, दोन्ही मुलींचे सगळे कागद जोडून, ईमेलने, तुमच्या त्या संकेतस्थळावर नको. ‘तुमच्या’ म्हणाल्या. ते त्यांचंच आहे.

निवेदन चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये भारनियमनाचा उल्लेख होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

उत्तर आलं. साठच्या वर गुण असल्याने मुरबाडच्या रुपालीची निवड कायम, तिचं स्वतःचं पत्र मागाहून द्यावं. उंबरमाळीच्या रुपालीचा अर्ज यंदा धरता येणार नाही, पुढच्या वर्षी करावा. पुढच्या वर्षी ते पत्रंही सगळ्यांची वाचणार आहेत. केंद्राने काळजी घ्यावी. एवढंच. मला वाटलं होतं मला काही तरी शिक्षा सांगतील.

शनिवार, २० सप्टेंबर

मी वाडीत जायचं ठरवलं होतं, पण ती दोघंच सकाळी आली. बाजारातून थेट. ट्रंक निळी, बुधूभाऊंच्या खांद्यावर. त्यांनी ती माझ्या टेबलाशेजारी ठेवली आणि कडी लावून-काढून दाखवली.

मी सगळं सांगितलं. सोपं करून सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण अवघडही करायचं नव्हतं. दोघींचं नाव एक, तारीख एक, यंत्राने दोघींची एक केली, त्याने विचारलं तेव्हा मी न वाचता हो म्हटलं. निवड झाली ती दुसरीच्या गुणांवर.

बुधूभाऊंनी ट्रंकेची कडी लावली. मग म्हणाले, “ती तारीख आमची नव्हती बाई. मास्तरनी घातली. पोरगी झाली तवा भात कापत होतो आमी.” रागाने नाही म्हणाले. जणू ती चूक माझ्या आधीच होऊन गेली होती आणि मी उगाच अंगावर घेत होते. त्याने मला जास्त लागलं.

मग मी रुपालीकडे वळले. मी म्हणाले, पुढच्या वर्षी अर्ज मी स्वतः भरीन, पुन्हा अशी चूक होणार नाही, पत्रही यंदापेक्षा चांगलं लिहू.

“पत्र मी लिहीन,” ती म्हणाली. “तुमी नुसतं चढवा.”

मला वाटलं ती रागावली आहे. मी म्हटलं, तुझंच तर होतं, मी फक्त शुद्ध केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात. मग विचारलं, समितीला आवडलं ते कोणतं, बारकीचं की दुसरं? बारकीचं मी पाठवलंच नव्हतं, हे मला सांगावं लागलं. तिने मान हलवली. त्यानंतर मला तिच्या डोळ्यांत बघता आलं नाही. नेमकं कशामुळे ते मला अजून नीट सांगता येत नाही. चूक तर मी आधीच कबूल केली होती.

बुधूभाऊ ट्रंक उचलू लागले. दुकानदार परत घेईल का, असं मी विचारलं. घेईल, पण नाय देत, म्हणाले. वर्ष काय, जाईल. तोवर तांदूळ ठेवू.

दारात गेल्यावर रुपाली वळली. “ती जाईल ना मंग?”

कोण, हे मला पटकन कळलं नाही.

“माझ्या नावाची. तिला सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. सोमवारपासून मी उंबरमाळीच्या रुपालीचं काय होईल एवढ्याच काळजीत होते. नाशिकला कळवलं, साईनाथला कळवलं, ह्यांना कळवलं. ज्या मुलीची जागा खरी आहे ती मात्र गेला आठवडाभर आपलं झालं नाही असंच धरून बसली आहे. आणि तसं तिला मीच कळवलं होतं. मी लगेच जगन गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, भावाने सोमवारी भिवंडीला न्यायचं ठरवलंय, वाडीत फोन नाही, आणि मला आज-उद्या शाळेतून हलता येत नाही.

“मी येते,” रुपाली म्हणाली. “बघू तरी, कशी दिसते ती.” मग बापाकडे वळून, “जाऊ ना?” बुधूभाऊंनी ट्रंक पुन्हा खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, न्या, पण उद्या सांजच्याला परत आणा.

वाडीकडची आजची गाडी गेली होती; रुपाली रात्री माझ्याकडेच थांबली आणि उद्याच्या गाडीची वेळ मी स्टँडवर जाऊन दोनदा विचारून आले.

उद्या: पहिल्या एस.टी.ने मुरबाड, तिथून वाडी. तिला सांगणे की जागा तिची आहे.